खोगीरभरती

तिचं नाव मुयार.
कुंपणाच्या काट्यांत पिकतं ते काळं फळ.
हात घालाल तर ओरखडे ठरलेलेच.

पहिलं खोगीर वडिलांचं.
चाळीस वर्षं त्यावर बसून त्यांनी
त्रेगारॉनच्या वरच्या डोंगरातून मेंढ्या खाली आणल्या,
सहा घोडी झिजवली.
म्हणायचे, खोगीर नाही बदलायचं, घोडं बदलायचं.
मुयारने ते एक अख्खा हिवाळा सोसलं,
मग ओढ्यात टाकलं,
माझ्यासकट.

दुसरं लिलावातलं, जवळपास नवं.
तंग आवळायला गेले की ती पोट फुगवायची,
कान मागे, शेपटीचा चाबूक,
आणि दात माझ्या बाहीत.
तिसरं शेजारच्या इडवालचं, उसनं.
चौथ्याबद्दल मी बोलत नाही;
त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

गावात निकाल लागून गेला होता:
हट्टी आहे. विकून टाक, नेस्ता.
इडवाल म्हणाला, गाजर दे.
त्याचा मुलगा म्हणाला, काठी.
गाजर तिने खाल्लं.
काठीही चावून बघितली.

मग हेवेल प्रॉबर्ट आला, खोगीरवाला,
सत्तरीचा, एका कानाने बहिरा,
गाडीत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास.
तिच्याशी एक शब्द बोलला नाही.
पाठीवर खडूने खुणा केल्या,
शिशाची पट्टी खांद्यामागे दाबून वाकवली,
अलगद उचलून कागदावर ठेवली,
कडेने पेन्सिल फिरवली.
अशा तीन कमानी.
मला त्यात काहीच दिसेना.
त्याने कागद मधोमध दुमडला,
तबेल्याच्या दारातल्या उजेडात धरला:
डावा खांदा उजव्याहून बोटभर मोठा.

आणि हे बघ, म्हणाला.
काळ्या केसांत दोन पांढरे ठिपके, नाण्याएवढे.
मी म्हटलं, वय झालं तिचं.
वय नाही, म्हणाला.
हे तुझ्या वडिलांचं खोगीर.

आता तू बस.
मी बसले. तो मागे जाऊन उभा राहिला,
बराच वेळ.
खुबा कधी मोडला होता?
एकोणीस वर्षं झाली, ट्रॅक्टरवरून पडून.
पण मी सरळ चालते!
चालतेस सरळ, म्हणाला. बसतेस डावीकडे.
हिला ठाऊक आहे.

म्हणजे इतके दिवस
घोडं पेंड खात होतं ते
माझ्या उजव्या खुब्यात.

अंगणात पालथ्या बादलीवर बसून
दोन तास तो चौथं खोगीर भरत होता.
जुनी गुठळलेली लोकर उपसली,
नवी विंचरून, चिमटीचिमटीने,
लांब सळईने आत सरकवत,
एका बाजूला जरा जास्त, दुसरीकडे हात राखून,
मध्येच गादीवर तळहात दाबायचा, डोळे मिटून.
खोगीरभरती म्हटलं की लोक नाक मुरडतात:
काहीबाही कोंबायचं, जागा भरायची, झालं.
हेवेलने एक चिमूट काढून परत पिशवीत टाकली.
त्या चिमटीसाठी
खोगीर पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं,
पुन्हा चढवलं.

तंग आवळला.
तिने पोट फुगवलं नाही.
चावली मात्र, हेवेललाच,
सवयीने, फार जोर न लावता.
त्याने बाही झटकली.
चार महिन्यांनी येतो, म्हणाला, पाठ बदलते.
बिलावर वडिलांचंच नाव घातलं होतं,
मी खोडलं नाही.

त्यांचं खोगीर आता जिन्याच्या कठड्यावर असतं.
मांजर त्यात झोपते.
तिला ते बरोबर बसतं.

मुयार अजूनही वरच्या फाटकाशी थांबते,
कान मागे, खूर रोवून.
पूर्वी मी टाच मारायचे.
आता उतरते, तंगाखाली बोटं घालून बघते,
नाल बघते, फाटकाची साखळी बघते.
परवा काहीच सापडलं नाही.
उभ्या राहिलो दोघी, भिजत,
खाली मेंढ्या, वर धुकं,
आणि तिच्या मनात आलं
तेव्हा निघालो.